प्रश्न क्रमांक सात

गुरुवारी दुपारी सूरच्या दवाखान्यात
फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे असतं.
एकवीस प्रश्न. झोप, भूक, छातीतली धडधड.
सातवा असा :
रात्री दोन वाजता तुम्ही कितीजणांचं दार वाजवू शकता?
फक्त आकडा लिहा.

खलफान बिन मुबारक हसला.
आकडा कसा सांगू, सिस्टर?
आईकडचे, बापाकडचे, सासरचे,
आजोबांबरोबर होडीवर होते त्यांची मुलं, त्या मुलांची मुलं,
गल्लीच्या तोंडाशी चटई टाकून बसणारे झाडून सगळे.
बोटांची पेरं संपली तेव्हा मी चाळीस लिहिले.
तो वाकून बघत म्हणाला,
आणि मामांचं काय करायचं?

शौकत कारभारी, मुक्काम बाणकोट,
चौदा वर्षं इथं एसी दुरुस्त करतोय.
त्यानं चटकन सांगितलं : दोन.
मग त्यातला एक सुट्टीवर गेलाय हे आठवून : एक.
लोकनाथ. नेपाळचा. खालच्या बंकवर असतो.
त्याचं दार वाजवावं लागत नाही,
मी कुशीवर वळलो तरी त्याला जाग येते.

झोप? बरी.
भूक? बरी.
धडधड? नाही.
पेन खाली ठेवलं तसा तो दाराकडे बघून मराठीत आला :
बाय, झोप नाही म्हणून लिवलं तर कंपनीला कळतं का?
नाही कळत, मी म्हटलं.
तो थोडा वेळ दाराकडेच बघत राहिला.
मग ऱ्हाऊ दे. बरीच लिव.

महिनाअखेर तक्ता तयार होतो.
स्थानिकांना त्रास जास्त, बाहेरून आलेल्यांना कमी.
डॉक्टरांना नवल वाटतं.
मला वाटत नाही.
आमच्यातलं कुणी बिनसलं
की विमान आधी ठरतं, निदान मागाहून.
रंगाच्या कारखान्यातला तो पोरगा,
अकरा दिवस कुणाशी बोलला नव्हता,
भिंतीला पाठ लावून नुसता हात पुसत बसायचा,
त्याचा फॉर्म मी अर्धा भरला होता.
बाराव्या दिवशी तो गेला.
अर्धे फॉर्म तक्त्यात धरत नाहीत.

खलफान तीन महिने झोपला नव्हता.
अश्खऱ्याहून सव्वाशे किलोमीटर गाडी हाकत यायचा,
कारण तिथल्या दवाखान्यात
गेटवर मेहुणा, नोंदणीला चुलतबहीण,
आणि गोळ्या मोजून देणारा शाळेतल्या बाकावरचा.
चाळीस दारं आहेत, सिस्टर,
पण चाळिसांच्याही आत कुणीतरी जागं असतं,
आणि सकाळच्या कॉफीला माझी रात्र त्यांच्या आधी पोचलेली असते.
तुम्हाला सांगतो,
कारण तुम्ही इथं कुणाच्याच कुणी नाही.

आभार मानावेत तसं म्हणाला तो हे.
नऊ वर्षांत पहिल्यांदाच
माझं इथं कुणी नसणं कुणाच्या तरी कामी आलं.
मग फॉर्म माझ्याकडे फिरवून, सातव्यावर बोट ठेवून :
तुमचा आकडा?

इथे दोन वाजतात तेव्हा चिपळूणला साडेतीन.
बहिणीचा फोन उशाला असतो, आवाज बंद करून.
लिझीची रात्रपाळी.
शेजारच्या फ्लॅटमधली बाई लिफ्टमध्ये हसते,
तिचं नाव मला ठाऊक नाही.
सही इथे करा, मी म्हटलं.

पुढच्या गुरुवारी आमच्या खोलीतला एसी गळायला लागला.
शौकत आला. बादली सरकवली, शिडी लावली,
झाकण काढून डोकं आत घातलं
आणि आतूनच बोलला :
त्या सातव्यात एकाचे दोन करता येतील का?
दुसरं कोण, मी विचारलं नाही.
फॉर्म गेले मस्कतला, म्हटलं.
बरं, मग ऱ्हाऊ दे.
स्क्रू पिळायचा आवाज येत राहिला.
बादलीत आणखी चार-पाच थेंब पडले,
मग थांबले.